‘कोलंबसाचे गर्वगीत’ कसं वाचायचं: ध्यासाच्या कवितेचं पायरीपायरीने रसग्रहण

एखाद्या गोष्टीच्या मागे लागून वेडा झालेला माणूस कवितेत बोलू लागला, की बहुतेक वाचक दोनपैकी एक करतात. काही त्याच्या बरोबरीने छाती पुढे काढून उभे राहतात, काही त्याच्यावर खटला भरतात. कुसुमाग्रजांच्या ‘कोलंबसाचे गर्वगीत’ या कवितेच्या वाट्याला हे दोन्ही आलं आहे. निरोपसमारंभात, वक्तृत्वस्पर्धेत, निकालाच्या दिवशी व्हॉट्सॲपवर तिच्या शेवटच्या दोन ओळी इतक्या वेळा फिरल्या आहेत, की त्यांच्या आधी आणखी चौतीस ओळी आहेत हेच लोक विसरले. दुसरीकडे, २०२० मध्ये अमेरिकेतल्या अनेक शहरांत कोलंबसाचे पुतळे पाडले आणि हटवले गेले. तेव्हापासून तरुण वाचक सरळ विचारतात, की या माणसाचं कौतुक आपण कशासाठी पाठ करायचं?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर कवितेतच शोधता येतं. त्यासाठी कविता सावकाश वाचायला हवी. ध्यास घेतलेला माणूस एकाच जागी उभा राहून सगळं जग बघतो. वाचकाने मात्र जागा बदलत राहायचं, कधी त्याच्या शेजारी, कधी त्याच्या समोर, कधी तो ज्यांच्याकडे बघतही नाही त्यांच्यात. पुढच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे या जागा बदलण्याचा सराव आहे. रसग्रहण लिहिणारे विद्यार्थी, ते तपासणारे शिक्षक आणि आपल्या सोसायटीत किंवा वाचनालयात कवितावाचनाचा कट्टा चालवणारे, सगळ्यांना त्या उपयोगी पडतील.

आधी कविता हाताने उतरवून घ्या

ही कविता ‘विशाखा’ या संग्रहातली. तो १९४२ साली आला आणि आजही सहज मिळतो. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा घराजवळच्या वाचनालयात जाऊन छापील प्रत हातात घ्या. मोबाइलवरच्या प्रतींत ऱ्हस्व-दीर्घ बदललेलं असतं, विरामचिन्हं गळलेली असतात, आणि या कवितेत एका अवतरणचिन्हावर बरंच काही अवलंबून आहे.

वहीच्या उजव्या पानावर नऊ कडवी उतरवा, डावं पान कोरं ठेवा. झेरॉक्स काढण्यापेक्षा लिहून घेणं महत्त्वाचं, कारण हात शब्दाशब्दाला थांबतो. ‘ताम्रसुरा’ लिहिताना तुम्ही थांबाल आणि वादळी संध्याकाळचं तांब्याच्या रंगाचं आभाळ मनात येईल. वाचताना हाच शब्द डोळ्यांखालून निसटून जातो.

मोठ्याने वाचा, पण मंचावर वाचल्यासारखं नको

या कवितेला भाषणाची सवय लागली आहे. ती मोडायला आधी नुसता श्वास मोजा. पहिली ओळ ‘हजार जिव्हा तुझ्या गर्जु दे’ इथे सोळा मात्रांवर थांबते, मग ‘प्रतिध्वनीने त्या’ अशा दहा मात्रा येतात. तिसऱ्या ओळीचीही मोजणी तशीच. दुसरी आणि चौथी ओळ आखूड, चौदा-पंधरा मात्रांची. म्हणजे एक लांब लाट आणि मागून एक आखूड तडाखा. लांब ओळ म्हणताना दम लागतो आणि आखूड ओळीवर आवाज आपोआप चढतो. गर्व इथे श्वासाच्या मांडणीतच भरलेला आहे, त्यासाठी वेगळा आवेश आणावा लागत नाही.

मुंबईकरांना यासाठी एक खास सोय आहे. जुलै-ऑगस्टच्या भरतीला वरळी सी-फेसच्या फुटपाथवर, पाण्यापासून सुरक्षित अंतर राखून, पहिली चार कडवी म्हणून बघा. लाट कठड्यावर फुटते त्या आवाजात स्वतःचं बोलणं स्वतःलाच ऐकू येत नाही. वादळात बोलणाऱ्या या माणसाला मुळात ओरडावंच लागतंय, हे तेव्हा कळतं. मग प्रश्न पडतो की तो नक्की कोणाला ऐकू जावं म्हणून ओरडतो आहे. त्या प्रश्नाकडे आपण वळणारच आहोत.

कडव्यागणिक एक साधं वाक्य

डाव्या पानावर प्रत्येक कडव्यासमोर आपल्या रोजच्या बोलीत एकेक वाक्य लिहा. अलंकार नको, ‘कवी म्हणतो की’ नको. पहिल्यासमोर: ‘समुद्रा, कर काय करायचं ते.’ दुसऱ्यासमोर: ‘आभाळातले राक्षस दारू पिऊन माजू देत, सूर्य बुडू दे, त्यांची राणी वीज धरती फोडू दे.’ तिसऱ्यासमोर: ‘की हा सैतानच सूड उगवतो आहे?’

दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो, तेवढे सांगून ठेवतो. सातव्या कडव्यात ‘जगतात’ म्हणजे ‘जगामध्ये’. क्रियापद पुढे आहे, ‘जगती अन् मरती’. शेवटच्या कडव्यात ‘कथा’ म्हणजे गोष्ट नव्हे, ते ‘सांगा’ अशा अर्थाचं आज्ञार्थी रूप आहे. ‘कथा या खुळ्या सागराला’ म्हणजे ‘या वेड्या सागराला सांगा’. हे सुटलं तर कवितेचा शेवट पूर्ण चुकतो.

बोलणारा कोणाशी बोलतोय?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. रंगीत पेन्सिली घ्या आणि प्रत्येक संबोधनाला वेगळा रंग द्या. ‘समुद्रा’ला निळा, ‘पदच्युता’ला लाल, ‘सहकाऱ्यांनो’ला हिरवा.

रंग दिले की कवितेचा आराखडा उघडा पडतो. पहिल्या कडव्यात तो समुद्राला हाक मारतो. चौथ्यात स्वर्गातून ढकललेल्या सैतानाला. ही चार कडवी ऐकताना वाटतं, की हा माणूस जहाजावर एकटाच आहे, वर आभाळ, खाली पाणी आणि मधे तो. आणि पाचव्या कडव्याच्या पहिल्याच शब्दाला पडदा सरकतो: ‘सहकाऱ्यांनो, का ही खंत’. म्हणजे इथे माणसं आहेत. ती खचलेली आहेत. सहावं कडवं तर सांगूनच टाकतं, की त्यांच्यापैकी काहींच्या मनात ‘परताया मागे’ आहे.

आता पहिली चार कडवी पुन्हा वाचा. ती बदललेली दिसतील. समुद्राला दिलेलं आव्हान समुद्रासाठी होतं की शेजारी गारठून उभ्या असलेल्या खलाशांसाठी? दूरच्या कोणाला तरी ऐकवायचं निमित्त करून जवळच्याला ऐकवायचं, ही रीत आपल्याकडे घरोघरी आहे, लेकी बोले सुने लागे. कोलंबस सागराला बोलतो आणि ते लागतं सुकाणूवरच्या माणसाला. माझ्या मते या कवितेची खरी घटना वादळ नाही. जहाजावर कोणीतरी ‘परत फिरू या’ असं म्हटलं आहे, ही तिची खरी घटना आहे. कुसुमाग्रजांनी ते वाक्य कवितेबाहेर ठेवलं आणि त्याचं उत्तर तेवढं आपल्याला ऐकवलं. ते पुढे मोठे नाटककार झाले, पण नाटककाराचा कान इथे आधीच तयार आहे.

खलाशांना कवितेत स्वतःचं एकही वाक्य नाही. शेवटी त्यांना बोलायला मिळतं, पण काय? अवतरणचिन्हांत बांधून दिलेला कप्तानाचा निरोप. म्हणूनच म्हटलं, की छापील प्रत हवी.

तुम्ही लिहाल त्या रसग्रहणात या पायरीवर किमान एक परिच्छेद हवाच. इतर सगळं गोळा करता येतं, पण हे स्वतः रंग देऊन बघितल्याशिवाय दिसत नाही.

‘दे’ मोजा आणि ‘मी’ शोधा

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या कडव्यातली क्रियापदं खाली लिहा: गर्जु दे, डळमळु दे, हेलकावु दे, ढळु दे, मातु दे, दडु द्या, पाजळु दे, चालु दे, फुटू दे, तुटु दे. दहा वेळा परवानगी. वादळ याच्या हुकमाने आलेलं नाही आणि याच्या नाहीने थांबणारही नाही. तरी हा त्याला मुभा देतो आहे. जे टाळता येत नाही त्याला ‘मीच होऊ देतोय’ असं म्हणणं, हा ध्यासी माणसाचा अगदी ओळखीचा डाव आहे. त्यात खोटेपणा आहे आणि ताकदही आहे. भीतीने गोठलेल्या माणसांसमोर कोणीतरी असं बोलावं लागतं, त्याशिवाय शीड वर जात नाही. रसग्रहणात या दोन्ही बाजू लिहा, एकीकडेच झुकू नका.

मग सर्वनामं. नाव ‘गर्वगीत’, आणि छत्तीस ओळींत ‘मी’ एकदाही नाही. पहिल्या चार कडव्यांत ‘आम्ही’सुद्धा नाही. ‘नाविका ना कुठली भीती’ हेही तो स्वतःकडे परका म्हणून बघत बोलतो. ‘आम्हांला’, ‘आपुला’, ‘आम्ही’, ‘आमुचा’ हे सगळं पाचव्या कडव्यापासून सुरू होतं, खलाशी समोर आल्यावर. ‘असे का हा आपुला बाणा’ यातलं ‘आपुला’ ऐकणाऱ्याला आत ओढून घेतं. ज्याला परतायचं आहे, त्यालाच सांगितलं जातंय, की परतणं हा तुझा स्वभाव नाही. अनुनय इतका बेमालूम आहे, की वाचकही त्यात ओढला जातो. शेवटच्या ओळी म्हणताना आपण ‘अमुची’ म्हणतो आणि त्या जहाजावर चढलेले असतो. कोलंबसाचं नावही फक्त शीर्षकात आहे. शीर्षक झाकलं, तर हा कोणीही दर्यावर्दी असू शकतो. वाचनकट्ट्यावर हा प्रयोग जरूर करा. आधी शीर्षक न सांगता कविता वाचा, चर्चा होऊ द्या, मग नाव सांगा.

सैतान, वेताळ आणि तांडव

स्पेनच्या राणीने धाडलेला ख्रिस्ती दर्यावर्दी बोलतोय, तर सैतान ठीक. पण त्या सैतानाने जमवलेला मेळा वेताळांचा आहे, आणि त्याचा नाच तांडव आहे. वर दैत्य आहेत, पाताळ आहे. याला विसंगती म्हणू नका. कोलंबस मराठीत बोलतोय, म्हणून त्याची भुतंही मराठी मुलुखातली आहेत. कवीने परका नायक घेतला आणि तो आपल्या अंगणात आणून उभा केला, ही महत्त्वाची गोष्ट आहे.

याहून महत्त्वाचं चौथ्या कडव्यात आहे. सैतान स्वर्गातून कशामुळे पडला? परंपरेने दिलेलं उत्तर एकच आहे, गर्व. आणि गर्वगीत गाणारा माणूस गर्वाने पडलेल्यालाच ‘पदच्युता’ म्हणून हिणवतो. हे ऐकताना अंगावर काटा यायला हवा. आरशात बघून कोणी दुसऱ्यालाच हाक मारावी, तसं आहे हे. कवी कुठेही थांबून हे दाखवून देत नाही, कडवं पुढे जातं.

इतिहास आत्ता उघडा, आधी नाही

आतापर्यंत इतिहास बाजूला ठेवला तो जाणूनबुजून. पहिल्याच पायरीला कोलंबसाचं चरित्र उघडलं, की कविता त्याची प्रचारपत्रिका होते किंवा त्याच्यावरचं आरोपपत्र. आता वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात ‘कवितेत काय आहे’, दुसऱ्यात ‘घडलं काय’, तिसऱ्यात ‘या दोहोंतल्या अंतरातून काय दिसतं’. तिसरा रकाना म्हणजेच तुमचं वाचन.

दुसऱ्या रकान्यासाठी ठोस गोष्टी अशा. ३ ऑगस्ट १४९२ रोजी सांता मारिया, पिंता आणि नीन्या ही तीन जहाजं साधारण नव्वद माणसं घेऊन स्पेनच्या पालोस बंदरातून निघाली. कॅनरी बेटांवर डागडुजी करून ६ सप्टेंबरला ती पुढे सरकली आणि १२ ऑक्टोबरला जमीन लागली. कोलंबसाची मूळ रोजनिशी हरवली आहे. बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने तिचा जो गोषवारा उतरवून ठेवला, त्यावरून आपल्याला हा प्रवास कळतो.

आता गंमत बघा. जाताना मोठं वादळ झालंच नाही. खलाशी घाबरले होते ते शांत समुद्राला आणि सतत पश्चिमेकडे नेणाऱ्या वाऱ्याला. परतीचा वारा या पाण्यात सुटतच नाही, मग घरी जायचं कसं, ही त्यांची धास्ती होती. २३ सप्टेंबरला वारा नसताना समुद्र उसळला, तेव्हा कोलंबसाला उलट हायसं वाटलं, कारण कुरकुर थांबली. १० ऑक्टोबरला माणसांचा धीर सुटला. तेव्हा त्याने त्यांना मिळणाऱ्या लाभाची आशा दाखवली आणि तक्रार करून उपयोग नाही असंही बजावलं. शिवाय कापलेलं अंतर तो खलाशांना कमी करून सांगत होता, असं त्या गोषवाऱ्यात आहे.

खरं वादळ आलं ते परतताना, फेब्रुवारी १४९३ मध्ये, अझोर्स बेटांच्या अलीकडे. आणि त्या वादळात या दर्यावर्दीने काय केलं? त्याने नवस बोलले. माणशी एक असे चणे टोपीत टाकले, त्यातल्या एकावर क्रूस कोरला, आणि ज्याच्या हाती तो येईल त्याने तीर्थयात्रा करायची असं ठरलं. तो चणा पहिल्यांदा त्याच्याच हाती आला. आपण बुडालो तर शोधाची बातमी तरी पोचावी, म्हणून त्याने सगळी हकीकत चर्मपत्रावर लिहून, पिंपात घालून समुद्रात सोडली.

हे तिसऱ्या रकान्यात नेऊन ठेवा. इतिहासातला कोलंबस वादळात गुडघ्यावर आला, कवितेतला आणखी ताठ झाला. इतिहासात वादळ घराच्या वाटेवर गाठतं, कवितेत ते घराकडे पाठ फिरवलेल्याला गाठतं. कवीने ऐतिहासिक माणसाचं चित्र काढायचं ठरवलेलं नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट होतं. त्याला हवा होता तो मागे न वळणारा ध्यास, आणि त्याला अंगावर घालायला त्याने कोलंबसाचा झगा घेतला. १९४२ चा संदर्भ इथे जरूर आणा. या कविता पारतंत्र्यातल्या आहेत आणि याच संग्रहात क्रांतीचा जयजयकारही आहे. ज्याच्या हातात सत्ता नाही त्या समाजाला ‘पराभूत प्राणा’ जपू नका असं सांगणाऱ्या आवाजाची किती भूक असेल, याची कल्पना करा. मात्र ‘ही कविता चले जाव चळवळीवर आहे’ असं लिहू नका. तसा आधार कवितेत नाही.

पण इतिहास इथेच संपत नाही आणि इथून तो अवघड होतो. जमिनीवर उतरल्यावर दोनच दिवसांनी त्याने नोंदवलं, की पन्नास माणसं असली तर इथल्या सगळ्यांना ताब्यात ठेवता येईल. पुढे एस्पानोला (आजचं हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक) बेटावर तिथल्या मूळच्या ताइनो लोकांकडून सोन्याची खंडणी उकळली गेली, माणसं गुलाम म्हणून जहाजांत भरली गेली. दुसऱ्या सफरीत, जून १४९४ मध्ये, क्यूबा हे बेट नसून आशियाची मुख्य भूमी आहे, असं त्याने खलाशांकडून शपथेवर वदवून घेतलं. जो कोणी उलट बोलेल त्याला दंड आणि जीभ कापण्याची शिक्षा. ‘हजार जिव्हा तुझ्या गर्जु दे’ असं समुद्राला म्हणणारा आवाज एकीकडे, आणि नकाशावरची चूक मान्य करू नये म्हणून माणसांच्या जिभेवर टांगलेली सुरी दुसरीकडे. १५०० मध्ये त्याला अधिकारपदावरून काढून बेड्या घालून स्पेनला आणलं, म्हणजे तो स्वतःच पदच्युत झाला. आणि १५०६ मध्ये मेला तेव्हाही आपण आशियालाच पोचलो होतो या हट्टावर तो कायम होता. ध्यासाने त्याला समुद्रापार नेलं आणि त्याच ध्यासाने समोरचं खंड त्याला दिसू दिलं नाही.

हे सगळं कवितेत नाही. म्हणून रसग्रहणात ‘कवीने दाखवून दिले आहे की’ असं लिहून या गोष्टी कवीच्या पदरात घालू नका. ‘आज वाचताना’ असं स्पष्ट म्हणून लिहा.

आता जागा बदला

प्रत्येक जागेवरून पाच-सहा ओळी लिहायच्या, गद्यात चालतील.

*खलाशाच्या जागेवरून.* त्याला बोलू द्या. त्याला पैसे हवेत का, बायको आठवते का, कप्तानाचं बोलणं त्याला पटतं की नुसतं भुलवतं? या शहराने १८ फेब्रुवारी १९४६ पासून नौसैनिकांचं बंड पाहिलं आहे. अधिकाऱ्यांच्या भाषणांना नाविकांचं उत्तर काय असू शकतं, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

*घरच्यांच्या जागेवरून.* ‘ना धन, ना दारा / घराची वा वीतभर कारा’. ‘दारा’ म्हणजे बायको. वीतभर घर म्हणजे तुरुंग, असं म्हणणाऱ्याला ते घर चालवणारी काय म्हणेल? बोटीवर नोकरी करणाऱ्यांची कुटुंबं मुंबईत पुष्कळ आहेत. कट्ट्यावर त्यांच्यापैकी कोणी असेल, तर हे कडवं त्यांना वाचायला द्या आणि बाकीच्यांनी ऐका.

*कोळीवाड्यातून.* वरळी, माहीम, वर्सोवा इथल्या नाखव्याला समुद्र खुळा नाही आणि पामर तर मुळीच नाही. नारळी पौर्णिमेला तो दर्याला नारळ वाहतो, मगच होडी लोटतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. धोक्याचा बावटा लागला की परत फिरण्यात कोणाचा बाणा मोडत नाही, उलट तांडेलाची अक्कल त्यातच दिसते. समुद्राबरोबर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्याची आणि समुद्र ओलांडून जाऊ पाहणाऱ्याची नजर किती वेगळी असते, ते इथे कळतं. दर्यावर जगणाऱ्या शहरात बसून ही कविता वाचताना ही जागा वगळली, तर वाचन अपुरं राहतं.

*किनाऱ्यावरून.* कोलंबस शोधायला निघाला होता तो आपलाच मुलूख. त्याला तो सापडला नाही. वास्को द गामाला १४९८ मध्ये कालिकत सापडलं. त्या वाटेने आलेल्या पोर्तुगीजांनी १५३४ च्या तहाने वसई आणि मुंबईची बेटं घेतली, आणि १६६१ मध्ये याच बेटांचा इंग्रज राजाला आंदण म्हणून करार झाला. ज्या शहरात आपण ही कविता म्हणतो, ते शहर अशा गलबतांच्याच मागून घडलं. आठव्या कडव्यात ‘मानवतेचे निशाण’ आणि ‘जिंकुनी खंड खंड सारा’ शेजारी-शेजारी आहेत. किनाऱ्यावर उभं राहून ते निशाण येताना बघा. मग सातव्या कडव्यावर परत या, जिथे कोट्यवधी सामान्य जीव गवताच्या पात्यांसारखे मोडीत काढले आहेत. एका कडव्यात ज्यांना गवत म्हटलं, पुढच्याच कडव्यात त्यांच्याच नावाचं निशाण फडकतं. माझ्या दृष्टीने कवितेतली सगळ्यात मोठी फट ही आहे. ती झाकू नका. मोठ्या कवितेत अशी फट असली म्हणून कविता लहान होत नाही, तिच्यातून आत डोकावता येतं.

शेवटच्या दोन ओळी, आता नव्याने

“अनंत अमुची ध्येयासक्ति अनंत अन् आशा
किनारा तुला पामराला!”

‘पामर’ हा शब्द संतांनी देवापुढे स्वतःसाठी वापरला. इथे माणूस तो समुद्राच्या अंगावर फेकतो. एवढं बहुतेक गाइडांत असतं. त्यापुढे जाऊन दोन प्रश्न विचारा.

एक, किनारा नक्की कोणाला हवा आहे? समुद्राला किनारा आहे हे त्याचं उणेपण, असं कोलंबस म्हणतो. पण त्याची सगळी धडपड त्या किनाऱ्यासाठीच आहे. समुद्र खरोखर अनंत असता, तर हे जहाज संपलं असतं. ज्या गोष्टीवरून तो समुद्राला हिणवतो, तिच्यावरच त्याचा जीव तगून आहे.

दोन, आशा अनंत असेल तर ती कुठल्या किनाऱ्यावर थांबेल? ‘निर्मितो नव क्षितिजे पुढती’ असं तो आधीच म्हणाला आहे. क्षितिज गाठता येत नाही, चालाल तसं ते पुढे सरकतं. म्हणून कविता शिडं उभारण्यापाशी संपते, जमीन दिसत नाही, १२ ऑक्टोबर उगवत नाही. तो उगवला असता तर गर्वगीत संपलं असतं आणि हिशेब सुरू झाला असता. कवीने नेमक्या त्या आधीच्या क्षणाला हात थांबवला, आणि मला वाटतं या कवितेचं टिकून राहणं तिथे आहे.

लिहायला बसताना

शाळा-कॉलेजात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं असे तीन भाग मागतात. मुद्दे त्यात बसवा, पण तीन स्वतंत्र डबे करू नका. दहा वेळा आलेला ‘दे’ (एकदा ‘द्या’) हे भाषिक वैशिष्ट्य आहे आणि आशयही आहे, दोन्ही एकाच वाक्यात सांगता येतं. सुरुवात कवीच्या पुरस्कारांच्या यादीने करू नका. तुम्हाला दिसलेल्या एखाद्या गोष्टीने करा: ‘या कवितेत खलाशी बोलत नाहीत’, किंवा ‘या गर्वगीतात मी नाही’. प्रत्येक विधानाला कवितेतला दोन-चार शब्दांचा पुरावा जोडा, अख्खं कडवं उतरवू नका. ‘अप्रतिम’, ‘प्रेरणादायी’, ‘ओजस्वी’ हे शब्द पहिल्या खर्ड्यात आले तर येऊ द्या, दुसऱ्या खर्ड्यात त्यांच्याखाली रेघ मारून विचारा, की हे मला कुठल्या ओळीमुळे वाटलं? मग तो शब्द काढून ती ओळ लिहा.

बाजू घ्यायला घाबरू नका. कोलंबसाचा आवाज तुम्हाला ओढतो आणि त्याचा इतिहास दूर ढकलतो, असं वाटत असेल तर तसंच लिहा, पण कुठलं वाक्य आवाजाबद्दल आहे आणि कुठलं माणसाबद्दल, हे वाचणाऱ्याला कळू द्या.

सराव वाढवायचा असेल तर याच वहीत पुढे दोन कविता उतरवा. पहिली ‘विशाखा’मधलीच ‘पृथ्वीचे प्रेमगीत’. तिथेही ध्यास आहे, पण सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीचा, आणि ती जिंकण्याची भाषा बोलत नाही. दुसरी सावरकरांची ‘सागरा प्राण तळमळला’, १९०९ साली इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलेली. तिथला माणूसही समुद्राला हाक मारतो, धमकावतो, समुद्र पिऊन टाकणाऱ्या अगस्तीची आठवण देतो, पण त्याला घरीच परतायचं आहे. संबोधनांना रंग द्यायला याच कवितेपासून सुरुवात करा, मग क्रियापदं, मग सर्वनामं. तीन रकाने मात्र शेवटी आखा.